अर्ध्या पाकिटाचा हिशेब

एक कल्पित माणूस घेऊ. विसाव्या वर्षी त्याच्या हातात सिगारेट आली आणि तेव्हापासून रोज दहा, म्हणजे अर्धं पाकीट. कधी वाढवलं नाही, कधी सोडलंही नाही. अमेरिकेत २०१३ साली फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी जो नियम झाला, त्यात हा माणूस कधी बसतो?

नियमाला ‘पॅक-इयर’ लागतात. रोज वीस सिगारेटींचं एक पाकीट, असं वर्षभर ओढलं की एक पॅक-इयर. २०१३ च्या नियमाला असे तीस हवे होते. आपल्या माणसाच्या खात्यात वर्षाला अर्धाच जमा होतो, त्यामुळे तीस भरायला साठ वर्षं. म्हणजे तो ऐंशीचा झाल्यावर. आणि तपासणीची वरची वयोमर्यादाही ऐंशीच! दार ज्या वर्षी उघडायचं, त्याच वर्षी ते बंद व्हायचं. त्याच्याच वयाचा, रोज दोन पाकिटं ओढणारा शेजारी मात्र पस्तिशीतच तीसचा आकडा पार करून बसलेला असतो आणि पंचावन्न पुरी होण्याची वाट पाहतो.

या नियमात कुठेही वंशाचा उल्लेख नव्हता. काळा, गोरा, आशियाई, सगळ्यांना एकच माप. तरीही दक्षिण अमेरिकेच्या नव्हे, तर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हे माप लावून पाहिलं, तेव्हा काळ्यांसाठी ते आखूड निघालं. हे प्रकरण त्या मापाचं आहे.

तीस हा आकडा आला कुठून

फुप्फुसाचा कॅन्सर बहुतेकदा उशिरा कळतो. खोकल्यातून रक्त पडतं, वजन उतरतं, तोवर गाठ पसरलेली असते. छातीचा साधा एक्स-रे काढून तो लवकर पकडता येईल, ही आशा फोल ठरल्यावर कमी मात्रेच्या सीटी स्कॅनकडे लक्ष गेलं. अमेरिकेतल्या ‘नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल’मध्ये २००२ ते २००४ या काळात ५३,४५४ जणांना घेतलं. निम्म्यांना सीटी, निम्म्यांना एक्स-रे, वर्षातून एकदा, तीन वर्षं. २०११ मध्ये निकाल आला: सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी.

अशा चाचणीत कुणाला घ्यायचं, हा प्रश्न जितका वैद्यकीय तितकाच हिशेबाचा असतो. मृत्यूंमधला फरक दिसायला पुरेसे कॅन्सर व्हायला हवेत, नाहीतर लाखो माणसं घ्यावी लागतील आणि पैसा पुरायचा नाही. म्हणून वय ५५ ते ७४, तीस पॅक-इयर, आणि सोडली असेल तर गेल्या पंधरा वर्षांत सोडलेली, असे जोखमीचे लोक निवडले. तीसच्या खाली धोका नाही, असं कुणीही म्हटलं नव्हतं. चाचणीच्या सोयीसाठी मारलेली ती रेघ होती. पण चाचणी यशस्वी झाली आणि रेघही तिच्याबरोबर नियमात शिरली. डिसेंबर २०१३ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स’ने तीच मर्यादा ठेवली, फक्त वय ८० पर्यंत वाढवलं. तपासण्यांची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञांच्या या टास्क फोर्सने ‘अ’ किंवा ‘ब’ श्रेणी दिली की खासगी विम्याला ती तपासणी फुकट द्यावी लागते, त्यामुळे तिच्या शिफारशीला जवळजवळ कायद्याचं वजन असतं.

आणि त्या चाचणीत होतं कोण? सुमारे ९१ टक्के गोरे. काळे साडेचार टक्क्यांच्या आसपास, देशात त्यांचं प्रमाण त्याच्या जवळजवळ तिप्पट असताना. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही खरं तर) की त्या थोड्या काळ्या सहभागींची आकडेवारी २०१५ मध्ये वेगळी काढली, तेव्हा स्कॅनचा फायदा त्यांच्यात गोऱ्यांपेक्षा जास्तच दिसला. संख्या लहान असल्याने त्यावर फार इमले चढवू नयेत. पण ज्यांना कमी बोलावलं त्यांनाच जास्त उपयोग झाला असावा, एवढं तरी त्यातून सुचतं.

बारा राज्यं, १,२६९ रुग्ण

मापाची खरी परीक्षा झाली ती ‘सदर्न कम्युनिटी कोहॉर्ट स्टडी’मध्ये. २००२ ते २००९ या काळात अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, जॉर्जिया अशा दक्षिणेकडच्या बारा राज्यांतून ४० ते ७९ वयाची माणसं या अभ्यासात नोंदवली गेली. बहुसंख्य लोक आले ते सामुदायिक आरोग्य केंद्रांतून. ज्यांच्याकडे विमा नाही किंवा जेमतेम आहे, अशांचे हे दवाखाने. याच गोष्टीमुळे हा अभ्यास मला मोलाचा वाटतो. एरवी अमेरिकेत काळा आणि गोरा यांची तुलना केली की कुणीतरी म्हणतंच, ‘हा वंशाचा नाही, गरिबीचा फरक आहे.’ इथे दोन्हीकडची माणसं एकाच रांगेत बसलेली, साधारण एकाच ऐपतीची होती.

व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मेलिंडा ऑल्ड्रिच आणि सहकाऱ्यांनी त्यातले धूम्रपान करणारे किंवा केलेले ४८,३६४ जण घेतले आणि त्यांना २०१३ चा नियम लावला. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ३२,४६३ काळ्या धूम्रपान्यांपैकी १७ टक्के स्कॅनला पात्र, १५,९०१ गोऱ्यांपैकी ३१ टक्के.

इथवर एखादा म्हणेल, काळे कमी ओढतात, म्हणून कमी पात्र. मग अन्याय कसला? कमी पावसाच्या गावाला कमी छत्र्या. उत्तर पुढच्या आकड्यात आहे. या लोकांपैकी १,२६९ जणांना पुढे प्रत्यक्ष फुप्फुसाचा कॅन्सर झाला. त्यात ७९१ काळे होते. नियमाने त्यांतल्या २५५ जणांना स्कॅनला पात्र ठरवलं असतं, ३२ टक्के. ४७८ गोऱ्या रुग्णांपैकी २७० जणांना, म्हणजे ५६ टक्के. कॅन्सर झालेल्या दर तीन काळ्या रुग्णांपैकी दोघांना नियम सांगत होता की तुम्हाला तपासणीची गरज नाही.

कारणही त्याच आकडेवारीत होतं. काळ्या रुग्णांच्या पॅक-इयरचा मध्यांक २५.८, गोऱ्या रुग्णांचा ४८. पलीकडचा गोरा रुग्ण तीसची रेघ केव्हाच ओलांडून गेलेला, आणि अलीकडे नेमका मधला काळा रुग्ण रेघेच्या चार पावलं आधी उभा. त्यात काळ्यांना हा आजार सरासरीने लवकरच्या वयात होतो, म्हणजे पंचावन्नची अटही त्यांनाच जास्त नडत होती.

कमी सिगारेटी, जास्त धोका

हे कोडं नवं नव्हतं. २००६ मध्येच हवाई आणि कॅलिफोर्नियातल्या मोठ्या बहुवांशिक अभ्यासातून क्रिस्टोफर हेमन यांच्या गटाने दाखवलं होतं की रोजच्या सिगारेटी तेवढ्याच असल्या तरी काळ्या आणि मूळ हवाईयन लोकांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका गोऱ्यांपेक्षा जास्त असतो, आणि जपानी वंशाच्या व लॅटिनो लोकांत कमी. त्यातली खोच अशी की हा फरक रोज तीसपर्यंत सिगारेटी ओढणाऱ्यांत दिसतो, त्याहून जास्त ओढणाऱ्यांत नाहीसा होतो. म्हणजे पॅक-इयरचं माप नेमकं तिथेच चुकतं, जिथे बहुतेक काळे धूम्रपानी आहेत.

यामागचं एक कारण ओढण्याच्या पद्धतीत आहे. काळ्या धूम्रपान्यांच्या रक्तात, दर सिगारेटमागे, कोटिनीन हे निकोटीनचं अवशेष-रसायन जास्त सापडतं, हे १९९८ पासून माहीत आहे. सिगारेटी मोजक्या, पण प्रत्येकीतून शरीरात जास्त जातं. जो दिवसाला दहाच ओढतो तो थोटकापर्यंत ओढतो. आपल्याकडे पानाच्या टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शरीर निकोटीन किती वेगाने पचवतं, यातही फरक आढळले आहेत.

मेंथॉलचा भाग वेगळाच. काळ्या अमेरिकन धूम्रपान्यांपैकी सुमारे ८५ टक्के मेंथॉलच्या सिगारेटी ओढतात. हा काही जन्मजात आवडीचा प्रकार नव्हे. तंबाखू कंपन्यांनी काही दशकं काळ्या वस्त्यांत, काळ्यांच्या मासिकांत, मैफलींत पैसा ओतून ही आवड घडवली. मेंथॉलमुळे घसा थंडावतो, धूर टोचत नाही आणि सवय सुटणं अवघड होतं. २००९ च्या कायद्याने सिगारेटींतले बाकी सगळे स्वाद बंद केले, मेंथॉल तेवढा ठेवला. २०२२ मध्ये त्यावरही बंदीचा प्रस्ताव आला, तो रेंगाळला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला.

पण माझ्या मते मूळ दोष याच्याही आधीचा आहे, आणि तो गणिताचा आहे. पॅक-इयर हा गुणाकार. रोजची पाकिटं गुणिले वर्षं. त्यात वीस वर्षं रोज दोन पाकिटं आणि चाळीस वर्षं रोज एक पाकीट हे सारखंच. शरीर मात्र असा हिशेब करत नाही. रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या आकडेवारीवरून १९७८ मध्येच दाखवलं होतं की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका रोजच्या सिगारेटींपेक्षा ओढण्याच्या वर्षांबरोबर कितीतरी वेगाने चढतो. म्हणजे थोडं पण दीर्घकाळ ओढणाऱ्याचा धोका हे माप मुळातच कमी दाखवतं. तराजूत खोट आहे हे २०१३ मध्ये ठाऊक होतं, पण चाचणी त्याच तराजूवर झाली होती.

वीसवर आणलेला उंबरठा

९ मार्च २०२१ रोजी टास्क फोर्सने नियम बदलला. वय ५० ते ८०, आणि वीस पॅक-इयर. पंधरा वर्षांची अट तशीच. या बदलाने पात्र लोकांची संख्या एकूण ८७ टक्क्यांनी वाढेल, गोऱ्यांत ७८, काळ्यांत १०७ आणि हिस्पॅनिक लोकांत ११२ टक्क्यांनी, असा त्यांचाच अंदाज होता. बातम्यांत ‘दरी मिटली’ असा सूर लागला. टक्केवारीची ही जुनी लबाडी आहे. ज्याच्याकडे आधी पाचच रुपये होते त्याचे दुप्पट झाले तरी दहाच होतात.

२०२४ मध्ये याच दक्षिणेच्या अभ्यासावर नवा नियम लावून पाहिला गेला. कॅन्सर झालेल्या गोऱ्यांपैकी ७४ टक्के पात्र ठरले असते, काळ्यांपैकी ५७.६ टक्के. दरी अरुंद झाली, बुजली नाही. आपला अर्ध्या पाकिटाचा माणूस आता ऐंशीऐवजी साठाव्या वर्षी पात्र होतो. सुधारणा मोठीच. पण त्याच्या शेजाऱ्याला ती संधी पन्नासाव्या वर्षी मिळते.

मग काळ्यांसाठी वेगळा उंबरठा ठेवावा का? ऑल्ड्रिच यांच्या गटाने काळ्यांसाठी वीस पॅक-इयर आणि पन्नास वर्षं असं सुचवलं होतं. टास्क फोर्सने ते सगळ्यांनाच लागू केलं. जोखीम मोजण्याची काही सूत्रं वंश हा एक घटक धरतात आणि ती अधिक नेमकी ठरतातही. पण ज्या वर्षी हा नियम बदलला, त्याच वर्षी मूत्रपिंडाचं कार्य मोजण्याच्या सूत्रातून अमेरिकेने वंशाचा गुणक काढून टाकला, कारण त्यामुळे काळ्यांचं मूत्रपिंड कागदावर आहे त्याहून बरं दिसायचं आणि उपचार लांबायचे. दोन्ही बाजूंची भीती मला पटते. कातडीचा रंग अर्जात लिहायला लावणं धोक्याचं, आणि न लिहिता एकच माप लावलं की जे व्हायचं ते वर पाहिलंच.

पात्र ठरल्यानंतर

नियमात बसणं ही पहिली पायरी. अमेरिकेत पात्र असलेल्यांपैकी प्रत्यक्ष स्कॅन करून घेणारे २०२२ मध्ये पाचांत एकही नव्हते, आणि हे सगळ्या वंशांचं मिळून. मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढच्यांसाठीच्या सरकारी विम्याने, फेब्रुवारी २०१५ पासून खर्च द्यायला सुरुवात केली, पण अटीसह: आधी डॉक्टरांशी बसून फायदे-तोटे समजून घ्यायचे, त्याची नोंद हवी, लेखी आदेश हवा. कागदावर अट शहाणपणाचीच आहे, कारण त्या मूळ चाचणीत संशयास्पद ठरलेल्या स्कॅनपैकी ९६ टक्क्यांहून अधिक शेवटी कॅन्सर नसलेलेच निघाले होते. पण ज्याला ठरलेला डॉक्टर नाही, कामावरून सुट्टी नाही, त्याच्यासाठी ती आणखी एक फेरी. शिवाय संगणकातल्या नोंदीत ‘धूम्रपान करतो’ एवढंच लिहिलेलं असतं. किती पाकिटं, किती वर्षं, हा रकाना रिकामा. रकाना रिकामा असेल तर संगणक पात्र माणूस शोधून काढणार कसा?

पैशाचा पेच तर फार नाजूक ठिकाणी बसतो. स्कॅन फुकट. त्यात गाठ दिसली तर पुढचा सीटी, सुईने काढायचा तुकडा, यांचं बिल अनेक विम्यांत रुग्णाकडे येतं. आणि गरिबांच्या मेडिकेड योजनेत तर, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी यांसारख्या ज्या राज्यांनी ती विस्तारायला नकार दिला, तिथे ही तपासणी देण्याचं बंधनच नाही. नकाशावर पाहिलं तर काळ्यांची मोठी वस्ती, तंबाखूचं मोठं ओझं आणि विम्याचं फाटकं छत्र ही तिन्ही याच पट्ट्यात येतात.

‘काळे लोक डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाहीत’ हे कारण यानंतर नेहमी पुढे येतं. अविश्वास आहे आणि त्याला आधारही आहे. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचार न देता नुसता पाहत ठेवला. तरी हे कारण मला फार सोयीचं वाटतं. दोष रुग्णाच्या मनात ढकलला की बाकी कुणाला काही करावं लागत नाही.

कारण व्यवस्थेनं मनावर घेतलं तर काय होतं, याचा पुरावा आहे. आधी १९९९ चा आकडा पाहा. पीटर बाख यांनी मेडिकेअरच्या जवळजवळ अकरा हजार रुग्णांची नोंद तपासली, सगळे ६५ च्या पुढचे, सगळ्यांना विमा, सगळ्यांचा फुप्फुसाचा कॅन्सर शस्त्रक्रियेने काढता येईल अशा टप्प्यावरचा. गोऱ्यांपैकी ७६.७ टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली, काळ्यांपैकी ६४ टक्क्यांची. पाच वर्षांनी जिवंत: ३४.१ आणि २६.४ टक्के. ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापुरतं पाहिलं तर दोन्ही वंश सारखेच जगले.

मग सॅम्युएल सायकर्ट आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोचे नागरिक कार्यकर्ते यांनी मिळून एक प्रयोग रचला. पाच कॅन्सर केंद्रांत संगणकाला शिकवलं की रुग्ण भेटीला आला नाही किंवा उपचाराचा ठरलेला टप्पा चुकला की ताबडतोब घंटा वाजव. घंटा वाजली की एक प्रशिक्षित नर्स फोन करायची: काय झालं, गाडी मिळाली नाही का, भीती वाटतेय का, डॉक्टरांचं बोलणं कळलं नाही का. आणि प्रत्येक केंद्रातल्या डॉक्टरांना त्यांचेच आकडे वंशानुसार वेगळे काढून दाखवले जायचे. पूर्वी त्या केंद्रांत लवकरच्या टप्प्यातल्या गोऱ्या रुग्णांपैकी ७८ टक्के आणि काळ्यांपैकी ६९ टक्के जणांना उपचार पूर्ण मिळत. प्रयोगात काळ्यांचं प्रमाण ९६.५ झालं, गोऱ्यांचं ९५. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. गोऱ्यांचंही सतरा टक्क्यांनी भलं झालं, ही बाब लोक सांगायला विसरतात.

ज्यांनी सिगारेट शिवलीच नाही

याच प्रकरणाची एक वेगळी कड आशियाई लोकांची. अमेरिकेत फुप्फुसाचा कॅन्सर होणाऱ्या आशियाई स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नसते. त्यांचे पॅक-इयर शून्य, उंबरठा वीस असो की दहा. तैवानने यावर स्वतःचा मार्ग काढला: तिथे २०२२ पासून सरकारी तपासणीत घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर न ओढणाऱ्यांनाही स्कॅन मिळतो. अमेरिकेत ‘आशियाई’ या एका खणात चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी आणि आपली न्यू जर्सीतली मंडळीही कोंबलेली असतात, तेव्हा तिथला आकडा नेमका कुणाचा, हे विचारायला हवं.

आणि गावाकडे उमेदीत बिडी ओढून पुढे मुलाकडे अमेरिकेत गेलेले आजोबा? फॉर्ममध्ये ‘पाकिटं दिवसाला किती’ असा रकाना येतो. बिडीला पाकीट नसतं, बंडल असतं, आणि बिडीही लहान. आजोबा ‘सिगारेट? छे, कधीच नाही’ असं खरंखुरं उत्तर देतात आणि सूनबाई ‘धूम्रपान: नाही’ लिहून मोकळी होते.

वर्षं मोजा

२०२४ च्या त्याच अभ्यासात, बॉस्टनच्या अलेक्झांड्रा पॉटर आणि सहकाऱ्यांनी, एक साधा उपाय तपासला: पाकिटं मोजणं सोडा, फक्त किती वर्षं ओढली ते विचारा. वीस पॅक-इयरऐवजी वीस वर्षं. दक्षिणेच्या आकडेवारीत कॅन्सर झालेल्या काळ्यांपैकी ८५.३ टक्के पात्र ठरले, गोऱ्यांपैकी ८२. अर्जात वंशाचा रकाना नाही, सूत्र नाही, गुणाकारही नाही. किती वर्षं ओढली हे माणसाला आठवतं. तीस वर्षांपूर्वी रोज बारा होत्या की अठरा हे कुणाला सांगता येतं? खर्च अर्थातच वाढेल, जास्त लोक आत येतील, जास्त खोट्या धोक्याच्या घंटा वाजतील. तो वाद खरा आहे आणि तो व्हायला हवा.

अमेरिकन कॅन्सर सोसायटीने नोव्हेंबर २०२३ मध्ये सिगारेट सोडून पंधरा वर्षं झाल्याची अट काढून टाकली. वीस पॅक-इयर मात्र ठेवले. टास्क फोर्सचा २०२१ चा नियमही पॅक-इयरवरच उभा आहे. आपला अर्ध्या पाकिटाचा माणूस पन्नासाव्या वर्षी दवाखान्यात गेला तर त्याच्या नावावर तीस वर्षांचा धूर आणि पंधरा पॅक-इयर असतील. नियमाप्रमाणे त्याला सांगावं लागेल की आणखी दहा वर्षं ओढून या.